बिनधुराची शेगडी : ग्वाल्हेरमधलं एक प्रकरण

माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाडा चौकाच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या घराच्या ओसरीत तो आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माईंना तिथे आणलं, तर त्या पहिल्या पायरीशी येऊन थांबल्या त्या थांबल्याच. सून पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "आई, पाऊल उचला ना." माई स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. टाच किंचित वर यायची, परत टेकायची, पण पाऊल काही पुढे पडेना. शेवटी मुलाने त्यांना उचलून आत आणलं.

या माईंनी मला पावकी-निमकी शिकवली आहे. वय ७४, शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं. बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, हिमोग्लोबिन दहाच्या आसपास रेंगाळणारं. डिसेंबरात तपासायला आल्या तेव्हा मी तीस दिवसांच्या गोळ्या लिहून पुढच्या महिन्याची तीच तारीख घातली, तर लगेच म्हणाल्या, "अगं, डिसेंबर एकतीसचा असतो. एक दिवस मी काय घेऊ?"

आता त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढायला बराच वेळ लागला. आकडे घालायला लागल्या, आणि १२ नंतर पेन थांबलं नाही. १३, १४, १५ करत वर्तुळाच्या बाहेर, कागदाच्या कडेपर्यंत गेलं. मी हळूच पेन काढून घेतलं, तरी बोटं हलतच होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, तेही उशिरा. चेहरा कोरा. स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी ११. लघवीवर ताबा नाही, हे सुनेने मला बाजूला घेऊन, खाली बघत सांगितलं.

(घरच्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.)

त्यांच्या पिशवीत दुसऱ्या एका डॉक्टरांची चिठ्ठी होती. वार्धक्यातला स्मृतिभ्रंश, अल्झायमर असण्याची शक्यता, त्याची गोळी आणि रात्री झोपेची गोळी. शेजारच्या काकू घरी येऊन "साठी बुद्धी नाठी, त्यात यांची तर पंचाहत्तरी आली" असं सांगून गेल्या होत्या. मुलगाही जवळजवळ तिथेच पोचला होता. "आता वय झालं, डॉक्टर," तो म्हणाला.

मला ते पटेना. अल्झायमर महिन्यांनी आणि वर्षांनी सरकतो. आधी नवं विसरतं, मग हिशेब चुकतो, मग वाट चुकते. चालणं आणि लघवी बहुधा फार उशिरा बिघडतात. इथे रथसप्तमीपर्यंत बरी असलेली बाई आठवड्याभरात चालणं, बोलणं आणि लघवीचा ताबा, तिन्ही घालवून बसली होती. म्हातारपण असं आठ दिवसांत येत नाही. म्हाताऱ्या माणसाचं वागणं झपाट्याने बदललं, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते शोधायचं असतं. रक्तातलं सोडियम उतरलंय का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, थायरॉइड, बी-१२, डोक्यात हळूहळू साचणारं रक्त, नवी सुरू केलेली एखादी गोळी. या तपासण्या मी लिहिल्या, झोपेची गोळी त्याच दिवशी बंद केली.

आणि मग मुलाने, आई महिन्यापूर्वी कशी होती ते दाखवायला, फोनमधला एक फोटो उघडला.

संक्रांतीचा फोटो. पणतूचं पहिलं बोरन्हाण. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, दंडात वाक्या, आणि मागून गळ्यातला हार बांधणाऱ्या हसऱ्या माई. मी चेहरा बघत होते, मग नजर हारावर गेली. एकेक दाणा टपोरा, पांढराशुभ्र, काटा असा की बोटाला टोचेल.

"हा विकतचा नाही," मी म्हटलं.

"छे हो. आईंनीच केला. आठ रात्री बसल्या होत्या."

"कशावर?"

"शेगडीवरच. गॅसवर काटा धरत नाही म्हणतात त्या."

ज्यांच्या घरात हलवा होत नाही त्यांच्यासाठी हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्या शेगडीत आहे. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, परात मंद निखाऱ्यावर ठेवायची, साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. पाक सुकला की परत थेंब. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर दाणा पिवळा पडतो. म्हणून निखाऱ्यांवर राख पसरतात, आच दबून राहते. तासन्‌तास हेच. आणि हे सगळं पौषातल्या कडाक्यात. जानेवारीत ग्वाल्हेरला रात्री पारा चार-पाचावर उतरतो, कोहरा, म्हणजे दाट धुकं, दुपारपर्यंत हटत नाही, गलन, म्हणजे बोचरी ओली थंडी, हाडात शिरते. माई ज्या खोलीत बसायच्या ती माजघरामागची, दहा बाय नऊची, एक दार, चौकाकडे एक खिडकी. खिडकीच्या फटीत जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबलेल्या. दार लोटलेलं, कारण वाऱ्याने पाक लवकर सुकतो.

काळजी घेतली नव्हती असंही नाही. शेगडी बाहेर चौकात पेटवायची, धूर पूर्ण गेला, कोळसा लालबुंद झाला, की मगच आत आणायची. शेजारी बादलीभर पाणी, कोळशाचा विषारी गॅस ओढून घेतं म्हणून. आमच्याकडे बहुतेक घरांत हेच करतात आणि मनापासून सुरक्षित मानतात.

त्या लाल निखाऱ्यांत काय चालतं ते जवळून बघा. कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वर येताना तापलेल्या कोळशाच्या थरातून जातो आणि तिथे पुन्हा कार्बन उचलून कार्बन मोनॉक्साइड बनतो. ताज्या शेगडीवर छोट्या निळ्या ज्योती नाचताना दिसतात ना, तो हाच वायू जळतो आहे. राख पसरली, हवा कमी झाली, निळ्या ज्योती विझल्या, की तोच वायू न जळता खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर हा कोळशातल्या इतर पदार्थांचा. तो गेला म्हणजे विष गेलं असं होत नाही. हा वायू जवळपास हवेइतकाच जड, म्हणून खोलीभर सारखा मिसळतो. आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा बादलीचा उपयोग शून्य.

११ जानेवारी, आठवी रात्र. सव्वादहाला सून बोलवायला गेली, तर साखर करपल्याचा वास. परातीत एका बाजूचे दाणे तपकिरी झालेले, माई भिंतीला टेकलेल्या, तोंड अर्धवट उघडं, लुगडं ओलं. हाक मारल्यावर काहीतरी असंबद्ध पुटपुटल्या. दोघांनी उचलून चौकात आणलं. थंड हवेत पंधरा-वीस मिनिटांत ओळखायला लागल्या, एकदा उलटी झाली. डोकं फुटतंय म्हणाल्या.

एका खासगी रुग्णालयात नेलं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८. साखर १४२, रक्तदाब १७०/९६, ईसीजी ठीक, डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये वयानुसार आकसलेला मेंदू, रक्तस्राव नाही. सलाइन लावलं, प्राणवायू लावला नाही. आकडा ९८ असताना कोण लावणार? सुनेने सांगितलं होतं की त्या शेगडीजवळ बसल्या होत्या. "धुराने गुदमरल्या असतील," असं उत्तर आलं. "धूर नव्हता हो," ती म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी आणि रक्तदाबामुळे भोवळ असं लिहून घरी सोडलं.

१३ तारखेला मुलाचा मला फोन आला होता. मी साखर बघत राहायला सांगितलं, गोळ्या तशाच ठेवल्या आणि संक्रांतीच्या शुभेच्छा दिल्या. त्या कुठे बसल्या होत्या, हे मी विचारलं नाही. ते मी विसरू शकत नाही.

त्या ९८ बद्दल बोलायलाच हवं, कारण कोविडपासून हे यंत्र घरोघरी आहे आणि त्यावर लोकांचा फार विश्वास आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. हवेत हजारात एक भाग एवढाच असला तरी पुरेशा वेळाने निम्मं हिमोग्लोबिन तो अडवू शकतो. अशा अडवलेल्या हिमोग्लोबिनचा रंग प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखाच लाल, आणि साधा ऑक्सिमीटर प्रकाशाच्या दोनच लहरींवर मोजत असल्याने त्याला दोन्हींत फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवतो. खरं मोजमाप रक्ताच्या को-ऑक्सिमेट्रीने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीने होतं, आणि तेही वेळेत केली तर. साध्या हवेत रक्तातला हा वायू चार-पाच तासांनी निम्म्यावर येतो. घट्ट मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण एक ते दीड तासात. माईंच्या बाबतीत सकाळपर्यंत पुरावा बराचसा श्वासावाटे निघून गेला होता, फेब्रुवारीत तर रक्तात शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. असं निदान मागे जाऊन, प्रश्न विचारूनच करावं लागतं.

म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारला. त्या खोलीत माईंबरोबर दुसरं कोणी बसायचं का? भांडी घासायला येणारी मुलगी पहिले चार दिवस मदतीला बसली होती. तिला बोलावून घेतलं. "दीदी, रोज सिर भन्नाता था," ती म्हणाली. "घर पहुँचते-पहुँचते ठीक हो जाता था. माईजी को भी होता था, वो बाम लगा लेती थीं." पाचव्या दिवसापासून तिने यायचं टाळलं. एका खोलीत दोघांचं डोकं दुखतं आणि खोलीबाहेर पडलं की थांबतं, यापेक्षा स्पष्ट खूण नाही. माईंना वाटलं पित्त आहे. म्हणजे आठवी रात्र ही शेवटची मात्रा होती. त्याआधी सात रात्री थोडं थोडं विष जातच होतं.

दोन दिवसांनी एमआरआय झाला. मेंदूच्या खोल भागात दोन्ही बाजूंना ग्लोबस पॅलिडस नावाच्या केंद्रात सारखे डाग, आणि दोन्ही अर्धगोलांच्या श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या थरात, विशेषतः पुढच्या बाजूला, ढगासारखी पसरलेली पांढुरकी छटा. सोडियम, थायरॉइड, बी-१२, लघवी, सगळं ठीक होतं. शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी शेगडीची हकीकत ऐकून फिल्म पाहिली आणि निदान पक्कं केलं: कार्बन मोनॉक्साइडनंतर उशिरा होणारी मेंदूची हानी.

घरच्यांना सर्वांत अवघड गेलं ते मधले तीन आठवडे समजून घेणं. "त्या तर बऱ्या झाल्या होत्या, बोरन्हाण केलं, तिळगूळ वाटला," मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. हीच या विषाची रीत आहे. शुद्धीवर आलेला माणूस काही दिवस, साधारण दोन दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत, अगदी नेहमीसारखा वागतो आणि मग काहींच्या बाबतीत घसरतो. दक्षिण कोरियात पूर्वी घरोघरी जमिनीखालून कोळशाच्या वड्यांनी खोल्या तापवत, त्यामुळे याचा सर्वांत मोठा अनुभव तिथला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात २,३६० बाधितांपैकी ६५ जणांना ही उशिराची हानी झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या ५४९ जणांपुरतं बघितलं तर प्रमाण ११.८ टक्के पडतं. मधला बरा काळ सरासरी २२ दिवसांचा. लक्षणं वाचली तेव्हा माईंचाच कागद वाचतेय असं वाटलं: बुद्धी मंदावणं, लघवी सुटणं, चाल बिघडणं, बोलणं बंद होणं.

वायू निघून गेल्यावर तीन आठवड्यांनी हे का व्हावं? मज्जातंतूंवर चरबीचं एक वेष्टण असतं, मायलिन. प्राणवायूचा तुटवडा आणि त्यानंतरची जळजळ यांत त्या वेष्टणातली प्रथिनं बदलतात, शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना परकी समजते आणि हळूहळू वेष्टण उतरायला लागतं, असं सध्या मानलं जातं. पेशी लगेच मरत नाहीत, त्यांच्यातला निरोप मात्र पोचेनासा होतो. मेंदूच्या पुढच्या भागातून जाणारे लांब तंतू यात जास्त सापडतात, म्हणून आठवणीच्या आधी काम सुरू करणं, त्याचा क्रम लावणं आणि वेळेवर थांबणं बिघडतं. पायरीवरचं पाऊल उचलेना आणि १२ वर पेन थांबेना, या दोन्हींचं मूळ एकच.

आणि माईंनाच एवढं का? मदतीला बसलेली मुलगी तर ठणठणीत होती. ती चारच दिवस बसली हे खरं, पण वयाचा भाग मोठा आहे. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू वीस टक्के खातो. श्वेतद्रव्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या लांब, बारीक आणि बहुतेक एकट्या असतात, त्यांना शेजारून मदत मिळत नाही. बारा वर्षांची साखर आणि रक्तदाब यांनी त्या आधीच अरुंद केलेल्या. तरुण हृदय तुटवडा जाणवला की जोरात पळतं, म्हातारं तेवढं पळू शकत नाही. त्यात हिमोग्लोबिन दहा. ज्याच्याकडे प्राणवायू वाहणाऱ्या गाड्याच आधी कमी, त्याच्या निम्म्या अडवल्या तर काय उरणार? अशा मेंदूचं रोजचं काम बरं चाललेलं असतं, माई गणितं सोडवत होत्याच, पण राखीव शिल्लक संपत आलेली असते. एक धक्का बसला की सगळं उघडं पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की हे वयाचंच आहे. म्हाताऱ्या मेंदूवर या विषाचा घाव खोल बसतो आणि तो लपवायलाही त्या माणसाचं वयच पुढे येतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

उपचारांचं बोलायचं तर, पहिल्या दिवशी शुद्ध प्राणवायू हाच आधार. हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षात प्राणवायू देण्याविषयी मतं एक नाहीत. २००२ मधल्या अमेरिकेतल्या १५२ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांत असा प्राणवायू दिलेल्यांपैकी २५ टक्क्यांना सहा आठवड्यांनी बुद्धीचा त्रास राहिला, साधा प्राणवायू दिलेल्यांत ४६ टक्क्यांना; १९९९ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नव्हता. माईंच्या बाबतीत ती वेळ महिनाभर मागे पडली होती. पार्किन्सनची गोळी काही आठवडे देऊन पाहिली, फरक पडला नाही, थांबवली. अल्झायमरची गोळीही थांबवली. साखर, रक्तदाब, लोहाची गोळी, पुरेशी झोप, दर दोन तासांनी ठरल्या वेळी संडासला नेणं, आणि रोज व्यायामतज्ज्ञ.

खरं काम सुनेने केलं. पाऊल उचलेना, तर तिने चौकात खडूने आडव्या रेघा मारल्या, एकेक हाताच्या अंतरावर. रेघ दिसली की माईंचं पाऊल तिच्यावर पडायचं. सपाट फरशीवर अडकणारे पाय रेघेवर चालायचे. हे तिला व्यायामतज्ज्ञांनी सांगितलं होतं, पण रेघांशेजारी पाढे लिहायची कल्पना तिची. "बे एके बे" म्हणत माई पहिल्यांदा दारापासून तुळशीपर्यंत गेल्या तो दिवस एप्रिलचा होता, आणि त्या दिवशी त्यांनी महिन्यात पहिल्यांदा न विचारता तोंड उघडलं होतं.

कोरियातल्या त्या अभ्यासात, ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवता आलं त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांश वर्षभरात सावरले होते. हे मी मुलाला सांगितलं आणि सोबत हेही सांगितलं की आईच्या वयाला तेवढं गृहीत धरू नये. मे महिन्यात लघवीवर ताबा आला. जुलैत माझ्या तीन पायऱ्या त्या कठडा धरून चढल्या. दिवाळीत ३० पैकी २४. बोलणं आलं, हसू आलं, माणसं आणि नाती सगळी ठाऊक. हिशेब मात्र दोन पायऱ्यांचा झाला की अडखळतात, आणि एखादं काम अर्ध्यावर आलं की पुढे काय ते शोधत बसतात. दिवाळीनंतरच्या एमआरआयमध्ये पुढच्या भागातली छटा फिकी झाली होती, ग्लोबस पॅलिडसमधले डाग तसेच होते.

मुलाने कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारं छोटं यंत्र आणून माजघरात लावलं. मी माझ्या तपासणीच्या कागदावर थंडीच्या दिवसांपुरती एक ओळ छापून घेतली: घरात शेगडी, अंगीठी किंवा न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का, आणि तिथे अजून कोणाचं डोकं दुखतं का. गेल्या थंडीत या ओळीमुळे दोन घरं सापडली. एका घरी बंद न्हाणीघरातला गीझर होता, आजोबा तिथे दोनदा पडले होते आणि घरचे ते गुडघ्यांवर ढकलत होते.

यंदाच्या संक्रांतीला मी माईंकडे गेले होते. चौकात उन्हाला, उघड्यावर, एका बर्नरच्या गॅसच्या बारीक आचेवर तवा, त्यावर परात. खोलीचं दार काढूनच टाकलं आहे. माईंची बोटं तिळातून फिरत होती, पूर्वीपेक्षा सावकाश, पण गोल तोच. सून शेजारी पाकाची वाटी घेऊन. थोड्या वेळाने माईंचा हात थांबला.

"आता पाक घालायचा, की अजून फिरवायचं?" त्यांनी विचारलं.

"फिरवा थोडं, आई. मी सांगते."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फिरवायला लागल्या. मग एक दाणा उचलून बोटात धरला, उन्हाकडे करून बराच वेळ बघितला, आणि म्हणाल्या, "काटा बोथट आहे अजून."